त्या दिवशी मी रडत नव्हते

अक्षर वाईट आहे, माफ करा. शुद्धलेखनही चुकणार. मी चौथीपर्यंत शिकले, आणि आता बोटं एवढी जाड झालीत की पेन नीट धरता येत नाही. ही वही कोणाला दाखवायची म्हणून लिहीत नाही. तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणून लिहिते.

"हात दाखव," मॅडम म्हणाल्या.

डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात मी कामाला होते. मॅडम म्हणजे मालकाची बायको. हातमोज्यांचा नवा गठ्ठा आलेला आणि माझ्या हातात एकही मोजा जात नव्हता. मी हात पुढे केला. त्यांनी प्रेस मशीनवरच्या माणसाला बोलावलं आणि त्याचा पंजा माझ्या पंजाला लावायला सांगितला. माझा मोठा निघाला. वीस बायका बघत होत्या.

"हिला जेन्ट्स मोजे आणा. आणि हिच्याशी भांडू नका गं, एका फटक्यात गार करेल."

सगळ्या हसल्या. मीपण हसले. हात मागे घ्यायचं मला सुचलंच नाही. डोळ्यांतून पाणी आलं, तसं मॅडम म्हणाल्या, "झालं नाटक सुरू. नळ आहे नुसता."

खरं तर मी रडत नव्हते. दोन वर्षं माझ्या डोळ्यांतून असंच पाणी यायचं. चहा पिताना, भाजी घेताना, कधीही. पाणी वाहायचं आणि तरी आत वाळू गेल्यासारखं खुपायचं. पापण्या सुजलेल्या. नाक, हनुवटी, पाय, सगळंच वाढत होतं. जोडवी कापून काढावी लागली. मला वाटायचं वय झालं, वजन वाढलं. बाई माणसाने आपल्या थोबाडाबद्दल डॉक्टरला काय सांगायचं?

आणखी एक गोष्ट होती. ती मी कोणालाच सांगितली नाही. मला कडेचं दिसेनासं झालेलं. समोरचं नीट दिसायचं, पण दोन्ही बाजूंना कोणीतरी पडदा ओढल्यासारखं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. रिक्षा अगदी जवळ आली की मगच कळायची.

आणि माझं काम होतं चेकिंग. स्विचमध्ये बसतात त्या पितळेच्या पट्ट्या ट्रेमध्ये पसरायच्या, वाकडी, चिरलेली, डागाळलेली बाजूला काढायची. ट्रे लांब असतो. मधल्या पट्ट्या मला दिसायच्या. कडेच्या सुटायच्या. कधी डोळ्यांतलं पाणी टपकून चांगल्या पट्टीवरच डाग पडायचा. मी पदराने पुसून ती पुढे ढकलायची. मला हे सगळं कळत होतं. काम जाईल म्हणून गप्प होते.

माझ्या टेबलावर समोर सुनंदा बसायची. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक खोक्यात चेक करणारीने आपल्या हाताने चिठ्ठी लिहून टाकायची, तारीख आणि सही. माझ्या बोटांत पेन बसेना, चिठ्ठ्यांना उशीर व्हायला लागला. सुनंदा म्हणाली, "दे इकडे, मी लिहिते. तुझं अक्षर वाचायला वकील लागेल." आणि ती माझ्या खोक्यांच्या चिठ्ठ्याही लिहायला लागली, माझं नाव लिहायला विसरून आपलीच सही करून टाकायची. मी बघत होते. मला सोयीचं होतं.

एक दिवस खराब पट्ट्या निघाल्या म्हणून गिऱ्हाईकाकडून अख्खा लॉट परत आला. खोकी उघडली. प्रत्येक चिठ्ठीवर सुनंदाची सही.

मॅडमनी तिला मध्ये उभी केली. ती म्हणत राहिली की यातली निम्मी खोकी तिची नाहीत. मग कोणाची, मॅडमनी विचारलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. नाव घेतलं नाही. मीच बोलेन म्हणून थांबली असेल. मी खाली ट्रेकडे बघत बसले. तिला त्याच दिवशी काढलं. लॉटचे साडेनऊ हजार तिच्या हिशोबातून कापले.

डबा घेऊन जाताना ती माझ्याजवळ आली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, रोजच्यासारखं. तिने आपल्या ओढणीने माझे डोळे पुसले. म्हणाली, "रडू नको गं. तू तरी काय करणार."

मी रडत नव्हते. माझ्या मनात एवढंच होतं की आपण वाचलो.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, नवरात्रात, ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या देवीला गेलेले. तिथली बांगडीवाली मला लग्नापासून ओळखते. माझ्या बांगडीचं माप पहिल्यापासून दोन-चार. तिने दोन-दहाची बांगडी चढवून बघितली, तीही अंगठ्याशी अडली. तिने बांगड्या खाली ठेवल्या आणि हात दाबून दाबून बघितला. म्हणाली, "बाई, हे मांस नाही. हाड वाढलंय. पन्नाशीला हाड वाढत नसतं. आधी डॉक्टर, मग बांगड्या." पैसे घेतले नाहीत.

सरकारी हॉस्पिटलात एका डॉक्टर बाईंनी मला समोर बसवलं. नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूला बोटं धरून किती म्हणून विचारलं. मला बोटंच दिसत नव्हती. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. मग त्यांनी कागदावर आजाराचं इंग्रजी नाव लिहिलं, चित्र काढून समजावलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय, त्यामुळे अंग वाढवणारा रस जास्त सुटतोय. ती गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबते म्हणून कडेचं दिसत नाही. त्याच रसाने अश्रूंच्या ग्रंथी सुजल्यात, नाकाकडची हाडं वाढून पाणी उतरायची वाट अरुंद झालीय, म्हणून ते गालावर येतं. पापण्या सुजल्याने ते पाणी डोळ्यावर नीट पसरत नाही, म्हणून डोळा मात्र आतून कोरडाच.

"यात तुमचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकड्यावर बसून मी हात बघितले. पहिल्यांदाच लपवले नाहीत. हा आजार होता. याला नाव होतं. मी राक्षसीण नव्हते, नाटकी नव्हते. पण दुसरी गोष्टही तिथेच समजली. पट्ट्या सुटल्या त्या आजाराने. तोंड बंद ठेवलं ते मी.

सोमवारी कामावर गेले. दोन नव्या मुली आल्या होत्या. मॅडम हसत म्हणाल्या, "अगं, यांना तुझा हात दाखव."

मी हात टेबलावर ठेवला, उचलला नाही. "हात बघायचा नाही, मॅडम. त्या लॉटमधली निम्मी खोकी माझी होती. मला कडेचं दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. सुनंदाला परत बोलवा. तिचे पैसे द्या, माझ्या पगारातून कापा."

"मग सहा महिने तोंडात काय होतं?" मॅडमनी विचारलं.

  मग त्याच म्हणाल्या, झालं ते झालं, ती फाईल बंद झाली, उगाच रडून तमाशा करू नकोस, जा कामाला बस.

"मी रडत नाहीये," मी म्हणाले. "डोळ्यांतून पाणी येतंय. तुम्हाला दोन्ही सारखंच दिसतं."

डबा उचलला आणि निघाले. परत गेले नाही.

त्या गाठीचं नाकातून ऑपरेशन झालं. कडेचं बरंचसं दिसायला लागलं. पाणी कमी झालं, गेलं नाही. हात आहेत तेवढेच आहेत. आता कल्याणला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. हात मोठा आहे, गोळा लवकर होतो.

सुनंदाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं सांगितलं. तिने पाणीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मी तुझे डोळे पुसले होते." मी हो म्हणाले. तिचं कामही माझ्यामुळे गेलेलं, म्हणून निम्मे नाही, सगळे साडेनऊ हजार फेडायचे ठरवले. दर महिन्याला जमेल तेवढे नेऊन देत गेले. ती दारातच मोजून घ्यायची. मैत्रीण परत मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

एक ठरवलंय. माझ्या कामाची चिठ्ठी यापुढे मीच लिहिणार. अक्षर कसंही येऊ दे, वेळ कितीही लागू दे. चूक झाली तर खाली माझंच नाव सापडलं पाहिजे. आणि बघायला म्हणून हा हात कोणापुढे करणार नाही.

मागच्या रविवारी शेवटचे सातशे दिले. सुनंदाने पावती लिहायला पेन काढलं, पण ते मी तिच्याकडून घेतलं. तिच्या दारात उभी राहून, भिंतीला कागद टेकवून, सावकाश लिहिलं. साडेनऊ हजार रुपये मी पूर्ण फेडले. खाली सही केली. माझी.