टाकी नसलेलं वळण

हदगावातून तामशाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जिनिंग आहे. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली की तिथे कापसाच्या गाड्या लागतात, ढिगांवर ढीग चढतात. उन्हाळ्यानंतर मात्र ते आवार मोकळं पडतं. पत्र्याची लांब शेड, कोपऱ्यात उंच पाण्याची टाकी, आणि मधे नुसती जमीन. त्या मोकळ्या महिन्यांत साहेबराव मास्तर तिथे लोकांना गाडी शिकवतात.

तीस वर्षं एसटी चालवून ते निवृत्त झाले आणि एक जुनी गाडी घेऊन शिकवायला लागले. वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यांत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या करून त्यांनी आवारात गल्ल्या आखल्या आहेत. चाक चुकलं की पऱ्हाटी कडकन मोडते. सलग तीन दिवस एकही मोडली नाही, तरच गाडी फाटकाबाहेर काढायची, हा त्यांचा नियम. कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला दोन महिने.

बसस्टँडसमोर गाडी शिकवणारा दुसरा मास्तर पहिल्याच दिवशी माणसाला बाजारात घालतो. तो चहाच्या टपरीवर म्हणतो, "पोहायचं शिकायला विहिरीत उडी मारावी लागती. साहेबराव परातीत पोहायला शिकवून राहिले."

हे कानावर आलं तेव्हा साहेबराव मास्तर एवढंच म्हणाले, "विहिरीत उडी मारणारा एकटा बुडतो. रस्त्यावरचा दुसऱ्याला घिऊन बुडतो."

फाटकावर राखणीला शेषेराव असतो. तो मास्तरांच्याच वयाचा. डावा पाय तीन बोटं आखूड, म्हणून त्याच्या सायकलच्या डाव्या पायडलवर लाकडाची ठोकळी बसवलेली आहे. शिकणारा आला की तो स्टुलावर बसून पऱ्हाट्या मोजतो आणि संध्याकाळी मोडलेल्या गोळा करून चुलीला नेतो.

"मास्तर, हा गडी चांगला हाय," तो म्हणतो. "आठ दिवसाचं सरपण एका दिवसात दिलं."

श्रावणात विशाखा आली. ती आडगावच्या एका उपकेंद्रात परिचारिका. तिथे दिवसाला दोन एसट्या जातात, आणि दुसरी चुकली की मुक्काम. नवरा नागसेन लातूरला नोकरीला. त्याने घेतलेली गाडी घरासमोर कापडाखाली उभी. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीसाठी तिला संध्याकाळी बोलावणं आलं. वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले. बाळंतीण वाचली. विशाखाने हे मास्तरांना पहिल्या दिवशी सांगितलं, आणि पुन्हा कधी काढलं नाही.

"दसऱ्याच्या आत गाडी आली पाहिजे मला," ती म्हणाली. "नंतर तुमचं आवार बंद."

ती शिस्तीने शिकली. मास्तर शेजारी बसायचे, त्यांच्या पायाशी जादा ब्रेक. "टाकी उजव्या खांद्यावर आली की वळव," ते सांगायचे. "शेडचं टोक आरशात दिसलं की मागं घे." दीड महिन्यात तिच्या हातून पऱ्हाटी मोडेनाशी झाली. शेषेरावच्या चुलीची आबाळ व्हायला लागली.

दसरा नऊ दिवसांवर असताना मास्तरांनी गाडी फाटकाबाहेर काढू दिली. पहिला मैलभर ती नीट गेली. मग डावीकडे वळायचा फाटा आला, आणि विशाखाचे हात चाकावर थिजले. गाडी ना वळली ना थांबली; रस्त्याच्या मधोमध तशीच पुढे जात राहिली. समोरून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो येत होता. मास्तरांनी ब्रेक दाबला. टेम्पोवाला शिव्या देत बाजूने गेला.

विशाखाने चाकावरचे हात काढले. "मास्तर, तिथं टाकी खांद्यावर आली की मी वळवते. इथं काय खांद्यावर घेऊ?"

शिकवायला लागल्यापासून सहा वर्षांत हे मास्तरांना कुणी विचारलं नव्हतं. की कुणी विचारायला थांबलंच नव्हतं, कोण जाणे.

परत आल्यावर ती फाटकाशी उतरली. "राग नका मानू. बसस्टँडसमोरच्या मास्तरांकडं जाऊ का मी? नऊच दिवस राहिले."

"उद्या एक दिवस ये," मास्तर म्हणाले. "मग जा."

ती गेल्यावर ते शेषेरावच्या स्टुलाशेजारी उकिडवे बसले. फाटकाशी झालेलं बोलणं शेषेरावने ऐकलं होतं; रस्त्यावरचं मास्तरांनी सांगितलं.

"तुझ्या आवारात सगळं हाय," तो म्हणाला. "माणूस तेवढा न्हाई."

त्या दोघांत एक जुनी गोष्ट होती, आणि पंचेचाळीस वर्षांत ती कुणी उच्चारली नव्हती. साहेबराव एकोणीस वर्षांचे असताना ट्रकवर क्लीनर होते. मालकाने अर्धापूरच्या रस्त्यावर सहज म्हणून स्टेअरिंग हातात दिलं. तिसऱ्या दिवशी एक सायकलवाला चाकाखाली आला. तो शेषेराव. गावात दोन्ही वस्त्यांत बरंच बोललं गेलं; बौद्धवाड्यातल्या पोरानं पाटलाच्या पोराचा पाय घेतला, असं. पोलीस दवाखान्यात आले तेव्हा शेषेरावने जबाब दिला, की मीच आडवा आलो. त्यामुळे साहेबरावांवर काही आलं नाही, आणि पुढे एसटीत लागता आलं. शेषेरावला औत धरणं जमेना. जमीन भावाने कसली, आणि तो जिनिंगच्या फाटकावर आला. आवार मागायला मास्तर गेले तेव्हा जिनिंगच्या मालकाकडे शब्द टाकला तोही त्यानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा आली, तर डबे एका बाजूला सारलेले. गाडीच्या मागच्या आणि उजव्या काचांवर मास्तरांनी पोती बांधली होती. टाकी दिसत नव्हती, शेड दिसत नव्हती. आवाराच्या मधोमध शेषेराव सायकल घेऊन उभा.

"आज गल्ली म्हणजे हा," मास्तर म्हणाले. "हा जिकडं जाईल ते बघून चालवायचं."

"आणि लागली म्हणजे?"

"बाई," शेषेराव लांबून म्हणाला, "एक पाय अजून चांगला हाय."

विशाखाला हसू आलं नाही. तिने गाडी सुरू केली. शेषेराव कधी पुढे, कधी बाजूला, सायकल डुगडुगवत फिरत होता. हात न दाखवता वळायचा, मधेच थांबायचा. मास्तरांचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी होता. तासाभराने शेषेराव एकदम गाडीसमोरून आडवा गेला. मास्तरांचा पाय खाली यायच्या आत गाडी थांबलेली होती. ब्रेक विशाखाने दाबला होता. सायकल आणि गाडीच्या मधे दोन हात अंतर.

"टाकीकडं बघितलं का?" शेषेरावने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या खांद्याकडं बघत होते. वळायच्या आधी तो झुकतो."

शेषेराव सायकल ढकलत मास्तरांच्या बाजूला आला. तो उघड्या काचेशी वाकला.

"साहेबा, त्या दिवशी मी आडवा आलो नव्हतो. सरळच चाललो होतो."

"माहीत हाय मला," मास्तर म्हणाले.

"हाव. मला वाटलंच तुला माहीत असंल."

पुढचे सहाही दिवस तो रोज सायकल घेऊन उभा राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विशाखाने गाडी फाटकाबाहेर काढली. मास्तर शेजारी होते. पाय त्यांनी या वेळी मागे घेऊन ठेवला होता. शेषेरावने फाटक उघडलं आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत आपली सायकल वाटेतून काढून भिंतीला टेकवून ठेवली.