इद्दत संपल्यावर

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस मी माडीवरच्या खोलीत काढले. आमच्यात याला इद्दत म्हणतात. त्या काळात विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, रंगीत ल्यायचं नाही आणि तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या घरात चाळिसाव्या दिवशीच मोडला.

सासूबाई, म्हणजे अम्मा, मूळच्या सायखेड्याच्या. माझं ताट ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "धाकला हाय ना घरात. परक्याच्या दारात जायची पाळी नाय येणार तुझ्यावर."

मी खाली मान घालून भाकरी मोडली. अम्मांनी तो होकार धरला आणि मी धरू दिला.

दीर वाईट नव्हता. टांग्यांची चाकं दुरुस्त करायचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. खिडकीखालून जाताना ओरडायचा, "भाभी, सगळं एकट्याच वाचू नका, थोडं आमच्या डोक्यात पण ओता!" त्याच्यात काही खोट असती तर मला सोपं गेलं असतं. माझे आईवडील हयात नव्हते, मूलबाळ नव्हतं. या घरात राहायचं तर त्याची बायको होऊन, नाहीतर नाशकात मला दुसरं दार नव्हतं.

पण मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणानं. त्या खोलीत मला बरं वाटू लागलं होतं. नवरा उर्दू शाळेत शिक्षक होता. त्याची पुस्तकांची पेटी माझ्यापाशी होती. सकाळी तांबट आळीतली ठोकठोक सुरू झाली की मी वाचायला बसे, आणि दुपारच्या अजानपर्यंत मला कुणाचीच आठवण होत नसे. त्याचीही नाही. मग ती एकदम येई. मी पुस्तक मिटून रडे आणि रडून झालं की पुन्हा तेच पान उघडे. ज्याच्यावर जीव होता त्याच्यामागे कुणी असं एकटंच सुखात बसतं का? या सुखाची मला लग्नाहून जास्त भीती वाटे. कधी वाटे, शिक्षा म्हणून तरी हो म्हणून टाकावं.

इद्दत संपल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी, नमाजानंतर, घरात माणसं जमली. अम्मांनी मला हिरवी साडी नेसायला लावली. पडद्याच्या अलीकडे मी आणि त्या. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मामू म्हणत असू, आणि दोन साक्षीदार. माझी संमती विचारायचं काम मामूंकडे होतं. त्यांनी दिराचं नाव घेऊन विचारलं, "हा निकाह तुला कबूल हाय का, बेटी?"

मी गप्प.

"झालं," अम्मा म्हणाल्या. "लाजतीय ती. लिवा."

"असं नाय लिवता येत," मामू म्हणाले. "कुवार पोरीचं गप्प ऱ्हाणं चालतं. बेवा बाईला तोंडानं सांगावं लागतं."

"ती कधी बोलती का? ताटात मीठ नसलं तरी मागत नाय!"

पलीकडे कुणीतरी हसलं.

पहिल्या लग्नात मी पंधरा वर्षांची होते. मावशीनं मागून मान दाबली, ती हलली, आणि बाहेर मुबारकबाद सुरू झाली. माझं लग्न लावून दिलं, असंच मी पुढे मनाशी म्हणत आले. पण नंतरच्या अकरा वर्षांत माझ्या मानेवर कुणाचा हात नव्हता. ती मीच खाली ठेवली होती.

मामूंनी दुसऱ्यांदा विचारलं. अम्मांनी माझा दंड धरला. पडद्याखालून पलीकडची पावलं दिसत होती. त्यांतलं एक सारखं हलत होतं. मामू हळू आवाजात म्हणाले, "कायबी सांग. पण तू सांग."

"नाही."

माझा आवाज इतका घोगरा आला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मला पुन्हा म्हणावं लागलं. ते दुसरं नाही पहिल्याहून जड गेलं, कारण आता सगळे ऐकत होते.

"याड लागलं का तुला?" अम्मांनी दंड सोडला. "ऱ्हाशील कुठं? खाशील काय, पुस्तकं?"

"माहीत नाही, अम्मा. मुलींच्या शाळेत काम मागून बघेन."

बाहेरच्या खोलीतून दिराचा आवाज आला, "काय म्हणाल्या?"

अम्मा भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझा थोरला गेला," त्या म्हणाल्या, "आता त्याचं माणूसबी चाललं." आणि पदर तोंडात धरून रडू लागल्या. त्या चार महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला धरून अम्मा आपल्या गेलेल्या मुलालाच धरून होत्या, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हात पुढे करून त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी स्वतःला ओळखत होते. त्यांना जवळ घेतलं असतं तर त्याच मिठीत मी हो म्हणाले असते.

मी हात मांडीवर तसेच ठेवले. लाज वाटत होती, आणि हे लिहायला मला फार वर्षं लागली, पण मी सुखात होते. पलीकडे मामूंनी दौतीला झाकण लावलं.