अर्ध्या वाक्यावर चालणारी गाडी

प्रल्हादमामा जोड दिलेली तार गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वढ." गिऱ्हाईक भीत भीत ओढायचं. "असं न्हाई. सासऱ्याची मिशी घावलीय समजून वढ!" मग लोक खरंच जोर लावायचे. जोड सुटायचा नाही. मामा तार परत घेऊन तिच्यावर निळा दोरा गुंडाळायचे आणि वरून टेप लावायचे. तो दोरा म्हणजे त्यांची सही. चाकूर ते रेणापूर कुठल्याही ट्रॅक्टरच्या वायरिंगची टेप सोडली आणि आत निळा दोरा निघाला, की दुसरा वायरमन तो जोड न तपासता पुढं जायचा.

असा माणूस चार वर्षं बिनकामाचा बसवला गेला. कुणी बसवला ते सांगायला मी हे लिहिते आहे. नात्यानं कुणी नसले तरी मामांवर माझा जीव होता म्हणून लिहिते आहे हे खरं. ज्यानं त्यांचं नाव जाळलं त्याच्यावरचा राग अजून गेला नाही म्हणून लिहिते आहे, हे जास्त खरं.

त्याला सगळे बापूसाहेब म्हणतात. टँकरचा ठेकेदार, नव्या जिल्ह्यासाठी काढलेल्या आमच्या कृती समितीचा अध्यक्ष आणि भावकीतला माझा चुलता. मी समितीची पत्रकं लिहायची, गाडीच्या भोंग्यावरून बोलायची आणि त्याला सगळ्यांसारखं अहोजाहो करायची. इथून पुढं तो एकेरीत येईल. वयानं वडील असलेल्या मामांना त्यानं शेवटपर्यंत तोंडावर 'पल्ल्या' म्हटलं. एवढी परतफेड त्याला सोसेल.

आधीच्या दुष्काळात बापूचा एक टँकर पेटला होता. ड्रायव्हर रसूलभाईचे दोन्ही हात भाजले. टँकरची वायरिंग मामांनी केलेली होती. बापूनं पारावर बसून सांगितलं, "पल्ल्याच्या जोडानं आग लावली." विषय संपला. कुणी टेप सोडून बघितली नाही, कुणी मामांना विचारलं नाही. बसस्टँडामागचं त्यांचं पत्र्याचं दुकान सहा महिन्यांत बंद पडलं. मामा घरी बसून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागले, तेही फक्त बौद्धवाड्यातले.

मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं ते लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. समितीची गाडी, म्हणजे बापूचीच भोंगा बांधलेली डिझेल गाडी, रस्त्यात तापून जाम झाली. रेडिएटरला पाणी हवं होतं, आणि वाटेतल्या तीन गावांत आता ही गाडी चालवणाऱ्या रसूलभाईला कुणी तांब्याभर पाणी दिलं नाही. टँकरवाल्याच्या गाडीसाठी पाणी मागितल्यावर दुसरं काय होणार! बापूनं नांदेडच्या भंगारातून अपघातातल्या गाडीचं इंजिन स्वस्तात आणवलं. कंपनी तीच, मॉडेल चार वर्षांनी नवं. दोन मेकॅनिकांनी ते गाडीत चढवलं. बोल्ट बसले, पाइप बसले, पण वायरिंगचे कपलर एकमेकांत जाईनात. तेव्हा त्यांनी कपलर सरळ कापले आणि रंगाला रंग जोडला. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरायचं, पेटायचं मात्र नाही. मीटरमध्ये किल्लीचं चित्र असलेला लाल दिवा नुसता लुकलुकत राहायचा. शोरूमवाले म्हणाले, "इंजिन एका गाडीचं, कागद दुसऱ्या गाडीचे. आम्ही हात लावणार नाही."

चौकातली मोठी सभा बारा दिवसांवर आली होती. रसूलभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "पल्लादभाई के सिवा ये काम किसीसे नै होता, बेटी. तू बापू को बोल."

बापूला जावं लागलं. मीही गेले. मामा दारात पंखा उघडून बसले होते. उठले नाहीत.

"पल्ल्या, गाडीचं काम हाय."

"माझ्या जोडानं आग लागती, बापूसाहेब."

"झालं गेलं सोड की रे. काय घ्यायचं ते घे."

"घ्यायचं काय न्हाई. एक वाक्य पायजे. चौकात, भोंग्यावर. 'आग प्रल्हादच्या जोडानं लागली न्हाई, फ्यूजच्या जागी तार मी बसवायला लावली.' एवढंच."

बापू माझ्याकडं बघून हसला. "बोलतो. आधी गाडी तर चालू कर."

तो गेल्यावर मामांनी आतून बिस्किटांचा डबा आणला. त्यात टँकरचा जळका फ्यूजबॉक्स होता, मामांनी तेव्हाच भंगारातून उचलून आणलेला. फ्यूज सारखा उडायचा, टँकर थांबायचा, खेप बुडायची. म्हणून कुणीतरी फ्यूज उपटून तिथं जाड तार खोचली होती. तार वितळली होती. शेजारच्या जोडावरचा निळा दोरा अर्धा शाबूत होता.

"फ्यूज उडतो म्हंजी तो खरं बोलतो, माय," मामा म्हणाले. "खरं बोलणाराला काढून टाकलं की मग आगच बोलती."

"मामा, हे चार वर्षं दाखवलं का नाही?"

"इचारलं कोण?"

पत्रकं लिहून माझं डोकं तापट झालं होतं. मी म्हणाले, हा डबाच चौकात मांडू. मामांनी झाकण लावलं. "डबा नको. त्याच्या तोंडातून पायजे. आन् बाकी कुणाचं नाव मधी येऊ द्यायचं न्हाई." त्या वेळी मला हे शेवटचं कळलं नाही.

गाडी बघितल्यावर मामांनी कपाळावर हात मारला. "रंगाला रंग जोडला! अरे, गाडी बदलली की रंगबी खोटं बोलतो. इकडं पिवळा दिव्याला असतो, अन् तिकडं तोच पिवळा डिझेलच्या पंपाला." मग बापूच्या मेकॅनिकांना त्यांनी बिनखर्चाची शिकवणी दिली. "इंजिन एकटं येत न्हाई गड्यांनो. बिऱ्हाड घिऊन येतं. त्याचा ईसीएम लागतो, त्याची किल्ली लागती, त्याचं मीटर लागतं. हे तिघं एकमेकाला वळखत्यात. पावण्याला तुम्ही घरात घेतलं अन् त्याच्या बायकूला फाटकाबाहेर उभं केलं."

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, डब्याएवढी पेटी. ती आणायला आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. भंगारवाल्या चाचांनी पेटी वेगळी काढून ठेवली होती, मीटर कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलं होतं. किल्ली मात्र मिळेना.

"किल्ली का क्या करते मियाँ? गाडी तो कट गई."

"गाडी कटली, पण तिची याद ऱ्हायली न्हवं," मामा म्हणाले.

दोन तास उकरल्यावर किल्लीचं नुसतं मुंडकं सापडलं. पातं अपघातात तुटलेलं. मामांनी ते मुंडकं दातांनी फोडलं. आतून भाताच्या दाण्याएवढी काळी चिप निघाली. ती त्यांनी चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि परतीच्या प्रवासात डबी खिशातून एकदाही काढली नाही.

पुढचे दहा दिवस समाजमंदिराच्या फरशीवर दोन गाड्यांची वायरिंग शेजारी शेजारी पसरलेली होती. मामा एकेक तार टेस्टलॅम्पनं शोधायचे आणि ओरडायचे, "लिही! जुन्याचा पिवळा-काळा, नव्याचा तपकिरी, बावीस नंबर." कागद म्हणून माझ्याजवळ उरलेली पत्रकं होती. पुढच्या बाजूला 'नवा जिल्हा आमच्या हक्काचा', मागं बावीस नंबरचा तपकिरी. मामांनी एकदा पुढची बाजू वाचली. "झ्याक लिव्हलंय. पण नवा जिल्हा म्हंजी नवं इंजिन, माय. वायरिंग जुनीच ठिवली तर हा लाल दिवा लुकलुकतच ऱ्हायचा." मी चिडले. ते म्हणाले, "चिड की. चिडल्याबिगर वढ लागत न्हाई."

दहाव्या दिवशी जुन्या किल्लीनं सेल्फ मारला. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. इंजिन पेटलं. रसूलभाईनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

तो चिपचा दाणा कुठं होता? स्टेअरिंगच्या खाली, किल्लीच्या भोकाभोवती असलेल्या कड्याला टेपनं चिकटवलेला. तो जवळ असला की पेटीला वाटायचं, घरची किल्ली आली. काढला की इंजिन फिरणार, पेटणार नाही. हे मामांना, रसूलभाईला आणि मला माहीत होतं.

सभेला चौक भरला. बापू गाडीच्या टपावर चढून पाऊण तास बोलला. जिल्हा, पाणी, अन्याय, सगळं आलं. मामांचं वाक्य आलं नाही. उलट तो म्हणाला, "देवाच्या कृपेनं आपली गाडी चालू झाली." मामा गर्दीच्या कडेला उभे होते. ते शांतपणे गाडीत जाऊन बसले, बूट बांधायला वाकल्यासारखे वाकले आणि उतरून परत जागेवर येऊन उभे राहिले.

आता मिरवणूक निघायची होती. बापू पुढच्या सीटवर बसला. "चल रसूल." सेल्फ फिरला. गर्रर्र. परत गर्रर्र. लोक हसायला लागले. मागून कुणी ओरडलं, "अध्यक्ष, जिल्हा ढकलत न्यायचा का?"

मामा खिडकीशी आले. "बापूसाहेब, वाक्य."

"पल्ल्या, काय केलंस तू?"

"मी काय न्हाई केलं. गाडी वाट बघायलीय."

बापूचा चेहरा मी विसरणार नाही, आणि विसरायचाही नाही. त्यानं माइक ओठांशी धरला आणि घाईघाईनं म्हटलं, "आग प्रल्हादच्या जोडानं लागली नव्हती." आणि थांबला.

मामा म्हणाले, "अर्धं झालं." वाकून त्यांनी दाणा बसवला. गाडी पेटली. बापू खूश झाला. मामांनी खिडकीत डोकं घालून सांगितलं, "अर्ध्या वाक्याला एक दिवस. संध्याकाळी मी दाणा काढून नेणार. उद्या जिथं सभा आसंल तिथं परत बोलायचं. पुरं बोललात की दाणा कायमचा तुमचा."

दुसरी गाडी घ्यावी तर लोक विचारणार, पहिली का थांबली? मग सुरू झालं ते अठरा दिवस चाललं. रोज एक गाव, रोज अर्धं वाक्य. बापू ते भाषणात दडपून म्हणायचा, खोकत म्हणायचा, पण म्हणावं लागायचं. आणि प्रत्येक गावात कुणी ना कुणी विचारायचंच, "मग कुणामुळं लागली, बापूसाहेब?" त्याला अठरा वेळा घाम फुटलेला मी पाहिला. मला त्याची कीव आली नाही. मामांकडं लोक पुन्हा ट्रॅक्टर घेऊन यायला लागले होते. मामा त्यांना तार देऊन म्हणायचे, "वढ."

संध्याकाळी दाण्याची डबी ते माझ्याकडं देऊन ठेवायचे. "माझ्या घरात हुडकतील. तुझ्या घरात तुझा चुलता कसा हुडकंल?"

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मामा टँकरच्या रांगेत हंड्याला टेकून बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. टँकर बापूचाच होता, पण मरणाचा दोष मी त्याच्यावर ठेवणार नाही. खोटा आरोप माणसाचं काय करतो ते मी पाहिलं आहे.

बापू शोकसभेला आला. बुद्धवंदना झाली आणि तो बोलायला उभा राहिला. "आमचा पल्लाद समितीचा मोठा आधार होता." मी उठून विचारलं, "आणि उरलेलं अर्धं?" त्यानं हात जोडले आणि खाली बसला. त्याच संध्याकाळी मला समितीतून काढलं. गाडी तेव्हापासून त्याच्या अंगणात उभी आहे. सीटवर कोंबडी अंडी घालते.

मामा गेल्याच्या तेराव्या दिवशी रसूलभाई माझ्या घरी आला. "बापू ने वो दाना मंगाया," तो म्हणाला. मी डबी काढली नाही. त्यानंही आग्रह धरला नाही. मग भाजलेले हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "नक्को दे, बेटी. अब तू लिख. फ्यूज की जगा तार बिठाने को बापू बोला. बिठाया मैंने. इन हाथों से. पल्लादभाई को पैले दिन से मालूम था. कभी मेरा नाम नै लिया."

बाकी कुणाचं नाव मधी येऊ द्यायचं न्हाई, याचा अर्थ मला तेव्हा कळला. चार वर्षं मामा बदनामी सोसत गप्प बसले. डबा उघडला असता तर आधी या भाजलेल्या हातांचं नाव निघालं असतं.

"तुमची नोकरी जाईल," मी म्हणाले.

"चार साल पैले जाना था."

मी लिहिलं. त्यानं खाली सही केली. त्याचं हे वाक्य मी पत्रक म्हणून छापून घेतलं आहे आणि चाकूर ते रेणापूर, बापूनं जिथं जिथं अर्धं वाक्य म्हटलं त्या अठराही गावांत वाटते आहे. एक पत्रक त्याच्या अंगणातल्या गाडीच्या काचेवर चिकटवलं आहे. या पत्रकाची मागची बाजू मी कोरी सोडली आहे. बापूनं तिथं आपलं वाक्य पूर्ण लिहावं आणि चौकात उभं राहून वाचावं. डबी माझ्याकडं आहे, दाणा तिच्यात आहे. वाक्य मी ओढून बघीन, जोर लावून. सुटलं नाही, तर गाडी त्याची.