डबलसीटचा खटला

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं आमची बारा-पंधरा जणांची रांग होती. कोणी दिव्याशिवाय सायकल चालवलेली, कोणी नको त्या बाजूनं टांगा घातलेला. माझा गुन्हा डबलसीट. सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. तेव्हा नाशकात सायकलवर दोघं दिसले की पोलीस धरायचे. कारकून नाव पुकारायचा, साहेब विचारायचे, "गुन्हा कबूल?" माणूस म्हणायचा, "कबूल," आणि दंड भरून चहाला मोकळा. माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "कबूल नाय."

साहेबांनी मान वर केली. मागचा टांगेवाला कुजबुजला, "आरं बाबा, कबूल म्हण अन् सुट ना! आमचा खोळंबा कशाला?"

मी कसला ऐकतो! पंचवटीतल्या एका शाळेत मी हंगामी शिपाई होतो. कायम होण्याचा फॉर्म हातात आला होता आणि त्यात एक रकाना होता: न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे काय? माझं शिक्षण चौथी, तेही दुसऱ्या झटक्यात, पण एवढं वाचता येत होतं. दंड ही शिक्षाच. तिथं 'होय' लिहायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं.

साहेबांनी पुढची तारीख दिली. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून एक तरुण वकील बसायचे. कोट नवा, पक्षकार कमी. मी बायकोला घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"झालं ते सगळं खरं सांगा," ते म्हणाले. "मला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय कुठं जायचं नाही."

"खरं सांगण्यासारखं नाय, वकीलसाहेब."

"मग मी लढू कसा?"

"मी सांगते," बायको म्हणाली. "सायकल मी चालवत होते. हे मागं बसले होते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बायको इगतपुरीची. बाप रेल्वेत, भाऊ चार, त्यांच्याच सायकलीवर ती शिकलेली. त्या दिवशी शाळेत बाक उचलताना माझा पाय मुरगळला. ती डबा घेऊन आली होती. म्हणाली, "बसा मागं." होळकर पूल ओलांडून रविवार कारंजावर आलो आणि शिट्टी वाजली. मी लंगडत का होईना टुणकन उतरलो आणि हँडल धरलं. भर चौकात लोक बघत होते! हवालदार आला. "कोण चालवत होतं?" मी छाती काढून सांगितलं, "मीच. दुसरं कोण चालवणार?"

वकीलसाहेब टेबलावर डोकं टेकून हसले.

"हसू नका," मी म्हणालो. "कोर्टाला सांगा, बायको पायी चालत होती."

"ते खोटं. मी सांगणार नाही आणि तुम्हालाही सांगू देणार नाही."

"मग मीच चालवत होतो म्हणा."

"तेही खोटं, वर शिक्षाही तुम्हालाच!" त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही फक्त गप्प बसा. तो तुमचा हक्क आहे. आरोप शाबीत करायचं काम सरकारचं." मग बायकोकडं वळले. "वहिनी, तुम्ही मात्र साक्षीला उभ्या राहू नका, उगाच तुमच्यावर येईल. आणि मी वकील ह्यांचा. तुम्हाला सल्ला हवा तर दुसरा वकील गाठा."

"एका सायकलीला दोन वकील?" ती म्हणाली. "ते पण डबलसीटच झालं की!"

तारखेला हवालदार पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. म्हणाला, "साहेब, आरोपीनं स्वतः मला सांगितलं, मीच चालवत होतो."

आमचे वकील ताडकन उठले. "पोलिसापुढची कबुली पुराव्यात घेता येत नाही, साहेब."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. माझी एवढी छाती काढून मारलेली थाप कायद्यानं एका फटक्यात उडवून लावली. मला राग यावा की आनंद व्हावा, कळेना.

"हवालदार," वकीलसाहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? सायकल कोण चालवत होतं?"

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. त्यानं टोपी सारखी केली, घाम पुसला.

"शपथेवर आहात," साहेब म्हणाले.

"बाई चालवत होती, साहेब. हे मागं होते. दोन्ही हातांनी कॅरिअर गच्च धरून. बाईमाणसाला कोर्टात कुठं ओढायचं, म्हणून मी ह्यांचं नाव लिहिलं."

कोर्टात हशा पिकला. कारकून हसला, सरकारी वकील कागदाआड गेले. मागच्या बाकावर बायकोनं पदर तोंडात कोंबला.

साहेबांनी ओठ आवळून मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय? सक्ती नाही."

वकीलसाहेब डोळे वटारून मला खुणावत होते, गप्प, गप्प. पण माणसानं किती सोसायचं?

"साहेब," मी म्हणालो, "दोन्ही हातांनी नाय. एकाच हातानं धरलं होतं!"

आता साहेबही हसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आरोप सायकल चालवण्याचा आहे, धरून बसण्याचा नाही. निर्दोष."

बाहेर आलो आणि तिघांनाही हसू आवरेना. कोर्टाच्या तांबड्या पाटीखाली उभे राहून आम्ही येड्यागत हसत होतो. हवालदार तिथूनच चालला होता, तोही थांबून हसला. बायकोला म्हणाला, "वहिनी, चालवता मात्र झकास. पण पुन्हा दिसू नका."

त्याच दिवशी फॉर्म भरला. त्या रकान्यात 'नाही' इतकं मोठं लिहिलं की शेजारच्या रकान्यात घुसलं. महिन्याभरात कायम झालो. पण गोष्ट माझ्याआधी शाळेत पोचली होती. मास्तर लोक मधल्या सुट्टीत विचारायचे, "काय मामा, मागं बसताना भीती वाटत होती का?"

मी सांगायचो, "सपाटीवर नाय. पुलाच्या उतारावर मातर लय वाटली."