दोन किलोमीटर चाललेले टायर

दिगू माझ्याकडे गाडीची चावी मागायला आला तेव्हा मी दाढी करत होतो. रविवार होता, सकाळचे साडेनऊ झाले असतील. डोंबिवलीत वर्षातून जे आठ-दहा दिवस थंडी पडते त्यातला तो एक दिवस. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी दार उघडलं. "नंद्या, गाडी दे रे तुझी. कल्याणच्या पुढे मोहने गावाला जाऊन येतो. मावशीचा मिक्सर बंद पडलाय, सकाळपासून तीन फोन केलेत तिने." त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचं इंजिन त्याने आदल्या दिवशी खोलून ठेवलेलं. मी खुंटीवरची चावी काढून फेकली, त्याने ती झेलली आणि सवयीने विचारलं, "टायर टाकलेस का?" मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात." तो म्हणाला, "तुझं काही खरं नाही," आणि जिना उतरून गेला. टायर मी आदल्याच संध्याकाळी टाकले होते. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले... आणि ते दोन शब्द माझ्या तोंडात काही केल्या परत जात नाहीत.

आम्ही चोवीस वर्षं ठाण्याला वागळे इस्टेटच्या एकाच वर्कशॉपमध्ये काढली. तो मेंटेनन्सचा फिटर, मी स्टोअरला. येणंजाणं त्याच्या गाडीवरून, मी मागे बसून त्याचं व्याख्यान ऐकत. दिगूला दोन विषयांत कोणी अडवू शकत नसे, एक वंगण आणि दुसरा टायर. त्यातही नवा टायर. "लोक घासलेल्या टायरला घाबरतात रे, नव्याला कोणी घाबरत नाही," हे मी किमान शंभर वेळा ऐकलं असेन. टायर साच्यातून सुटून यावा म्हणून आत काहीतरी बुळबुळीत लावतात, त्याची साय टायरवर राहते, रस्ता ती खरवडून काढेपर्यंत टायर रस्ता धरत नाही. म्हणून पहिले शंभर किलोमीटर गाडी झोपवायची नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही, वळणावर म्हाताऱ्यासारखं जायचं. त्यातून थंडी असेल तर रबर आणखी कडक, तेव्हा आणखी जपायचं. एकदा त्याने स्वतःच्या गाडीला नवे टायर घातले, तेव्हा सलग तीन दिवस आम्ही कामावर उशिरा पोचलो. मागून येणारा एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, वरात चाललीय काय?" मी मागे बसून लाजेने अर्धमेला झालो. दिगू मात्र शांतपणे म्हणाला, "हसू दे. तो हसतोय आणि आपण अजून गाडीवर बसलोय. बस, आणखी काय पाहिजे?" खरं सांगतो, त्या वेळी मला त्याचा मनापासून राग आला होता.

माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते आणि सात महिने तो माझ्या मागे लागला होता. बिल्डिंगखाली भेटला की आधी वाकून टायरला अंगठा लावायचा, मग माझ्या टकलाकडे बघायचा. "दोन्हीकडे सारखंच पीक आहे," म्हणायचा. मी आज-उद्या करत राहिलो. माझा स्वभावच तसा, नळ गळायला लागला तरी मी खाली बादली ठेवून मोकळा होतो. शेवटी एका शनिवारी ठाकुर्लीला एका दुकानात दोन्ही टायर बदलून घेतले. दुकानदार म्हणाला, "दो-तीन दिन आराम से, साहेब." मी मान डोलावली. तिथून घर दोन किलोमीटर. तेवढेच ते टायर चालले होते. घरी आल्यावर दिगूला फोन करावा असं वाटलं, फोन हातातही घेतला. पण सात महिने ज्याने माझं डोकं खाल्लं त्याला फोनवर सांगण्यात काय मजा? स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, मग बघू कसा चेहरा करतो ते. त्याचा चेहरा बघायचा होता मला. एवढ्यासाठी मी खोटं बोललो.

अकराच्या सुमारास शैलावहिनींचा, त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या फोनवरून कोणीतरी बोलतंय, मला काही समजत नाहीये. तुम्ही बोला हो जरा..." मी बोललो. आम्ही दोघं रिक्षाने हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्याला घेऊन आलेला माणूस तिथेच बाकावर बसून होता. मोहन्याच्या अलीकडे, वळणावर त्याची चहाची टपरी. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "हेल्मेट होतं हो डोक्याला. जोरात पन नव्हता. रस्ता त सुका. वलला आनि गाडी खालून निंगूनच गेली... मागून टेम्पो येत व्हता." नंतर गाडी ठेवली होती तिथे एका हवालदारांनी वाकून टायर पाहिले. "नवेकोरे आहेत की. म्हणजे गाडीचा काही दोष नाही," म्हणाले आणि तसं लिहूनही घेतलं. मी शेजारी उभा होतो. 

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. प्रत्येकाकडे एक कारण होतं. कोणी म्हणे रेती असेल, कोणी म्हणे चक्कर आली असेल, शुगर तपासली होती का? मी खुर्च्या मांडत होतो, पाणी देत होतो, आणि एकदा तर स्वतःच म्हणालो, "हो, रेतीच असणार." शरम वाटली, पण म्हणालो. मावशीच्या घाईत त्या दिवशी त्याने वाकून पाहिलंही नसणार. ज्या माणसाने आयुष्यभर नव्या टायरची भीती घातली, त्याला मी नव्या टायरवर बसवलं आणि जुने आहेत असं सांगून बसवलं, हे मी कोणाला सांगणार होतो? बायकोलाही सांगितलं नाही. जेवण जाईना. झोपेतून उठलो की पहिली गोष्ट तीच आठवायची.

महिना झाल्यावर मात्र राहवेना. एका दुपारी वहिनींकडे गेलो. गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून त्यावर दिगूचं इंजिन तसंच पडलं होतं, जुन्या ताटल्यांमध्ये नट-बोल्ट, प्रत्येक ताटलीत त्याच्या अक्षरात आकड्याची चिठ्ठी. "मेकॅनिकला बोलावलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तो म्हणतो, ज्याने खोललं त्यालाच ते जुळणार." त्यांनी चहा ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शनिवार, दुकान, फेस लावलेला गाल, पुढच्या महिन्यात... काही लपवलं नाही. त्या पाठमोऱ्या होत्या. गॅस बंद करून वळल्या.

"मला माहितीये, भावजी."

"काय?"

"टायरचं. कल्याणला पेट्रोल भरायला थांबले तेव्हा फोन आला होता ह्यांचा. 'अगं, नंद्याने टायर टाकलेत! आणि मला सांगतो पुढच्या महिन्यात. परत आल्यावर बघतोच त्याला.' हसत होते. 'आता मला सावकाश जावं लागणार, मावशीला कळव, उशीर होईल.'"  मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी कळवलं मावशींना. ते हळूच जात होते, भावजी. त्यांना सगळं माहीत होतं. मग असं कसं झालं? मी तुमच्याकडेच येणार होते विचारायला. गाडी तुमची... तुम्हाला तरी ठाऊक असेल."

मी माफी मागायला गेलो होतो, आणि त्या माझ्याकडे उत्तर मागत होत्या. चहा तसाच राहिला. जिना उतरताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. महिनाभर माझ्या गुन्ह्याने मला एक कारण तरी दिलं होतं. सांगितलं असतं तर वाचला असता, एवढा आधार होता त्यात. आता तोही गेला. दिगूला माहीत होतं आणि तो सावकाश जात होता. थंडी होती, टायर नवे होते, वळण आलं. त्याने उभ्या आयुष्यात गोळा केलेलं शहाणपण त्या एका वळणाला पुरलं नाही. मग ते आमच्यासारख्यांना कुठे पुरणार?

परवा खालच्या मजल्यावरच्या सान्यांनी त्यांच्या गाडीला नवे टायर घातले. मला कौतुकाने दाखवले. मी दिगूचं सगळं सांगितलं, शंभर किलोमीटर, वळण, ब्रेक, थंडी, काही गाळलं नाही. सांगताना मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. साने म्हणाले, "हो हो, हळूच जातो," आणि भाजी आणायला गेले. मी वर जाऊ शकलो नाही. पाऊण तास गेटपाशी उभा राहिलो. परत आल्यावर हेल्मेट काढत त्यांनी विचारलं, "अजून इथेच? कोणी यायचंय का?"

मी म्हणालो, "नाही. कोणी नाही यायचं."