उतार पाहून थांबणारा

आमचा उतारराव सपाट जमिनीवर कधी थांबला नाही. हे मी त्याच्या स्वभावाबद्दल नाही, त्याच्या फटफटीबद्दल सांगतोय. ती किकनं चालू व्हायची नाही. उतारावर सोडायची, दुसरा गिअर टाकायचा, मग ती दोनदा खोकायची आणि निघायची. म्हणून त्याचं नाव उतारराव. खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. गाडी दुरुस्त करून घे म्हटलं की त्याला राग यायचा. "किकनं तं कोनीबी चालू करते बे!" म्हणायचा. जसं काही किक मारणं म्हणजे हलक्या लोकांचं काम!

आदिलाबादेत त्याचं बियाण्यांचं दुकान होतं, तेही त्यानं पाहूनपाहून चढाच्या रस्त्यावर घेतलेलं. नव्वद सालाच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुट्टी असली की आमची स्वारी निघायची. मी उताररावाच्या मागे बसायचो. माझ्याच कचेरीतला नरसय्या आपल्या स्कूटरवर एकटाच असायचा, कारण त्याच्या देहापुढे मागच्या सीटला जागा उरत नसे. शनिवारी सकाळी निघायचं, रानातले रस्ते पालथे घालायचे आणि रविवारी घरी यायचं.

उताररावाच्या खिशात एक काचेची गोटी असायची. थांबायचं ठरलं की तो गाडी चालू ठेवून मला खाली उतरवायचा आणि गोटी रस्त्यावर ठेवायला लावायचा. गोटी घरंगळली तर थांबायचं, नाही तर पुढे. चाळिशीला टेकलेला कारकून मी, भर रस्त्यात गोटीमागे पळायचो. एकदा मागून आमच्याच साहेबांची जीप आली. सोमवारी साहेबांनी मला आपुलकीनं तब्येत विचारली.

नेरडीगोंड्याचं भज्यांचं हॉटेल सपाटीवर होतं. तिथं आम्ही पाळीपाळीनं खायचो. एकानं गाडीवर बसून इंजिन घुरघुरत ठेवायचं, दोघांनी भजी हाणायची. इंद्रवेल्लीच्या वाटेवर एक मारुती होता, तोही मेला सपाटीवरच. उताररावानं देवळाला गाडीवरूनच अकरा प्रदक्षिणा घातल्या. मी मागे बसून हात जोडले आणि पुजाऱ्यानं फेरीफेरीला माझ्या तळहातावर एकेक फुटाणा ठेवला. गावाला वाटलं, काहीतरी जबरी नवस असणार. पुढच्या खेपेला पाहतो तर दोन बाप्ये सायकलीवरून गरगर फिरत होते आणि पुजारी फुटाण्याची परात घेऊन उभा होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. इंद्रवेल्ली एका दिशेला, तलमडुगू भलत्याच दिशेला. तरी कुठंही जायचं असो, हा बाबा आधी तलमडुगूच्या रस्त्याला लागायचा. तिकडे एका गावात, अगदी रस्त्याला लागून, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिला तो बाई म्हणायचा. घर जवळ आलं की वेग कमी करायचा, तीनदा हॉर्न द्यायचा आणि सरळ पुढे निघायचा. का रे थांबत नाहीस, म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तिथं उतार नाही." आणि खरंच नव्हता. सगळा काळ्या मातीचा, कपाशी-ज्वारीचा, पोळपाटासारखा सपाट मुलूख.

नरसय्या एकदा म्हणाला, "चालूच ठेव ना गाडी, भज्याच्या हाटेलासारखी."

"बहिनीच्या दारात गाडी चालू ठेवून चहा प्याचा? मी भाऊ हाय का पोस्टमन?"

"मग बंद कर, आम्ही ढकलू," मी म्हणालो.

त्यानं खिशातली गोटी चाचपली. म्हणाला, "तिच्या दारात? पुन्यांदा?"

मग सगळं बाहेर आलं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी मामा म्हणून हा उभा राहायचा होता. गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली, अर्थात सपाटीवर. ती रानात एकटी कशी सोडायची, म्हणून हा शहाणा जरीचा फेटा बांधून दोन कोस ढकलत आला. पोचला तेव्हा पंगत बसली होती आणि मामाच्या जागी चुलतभाऊ उभा राहून गेला होता. वऱ्हाडी खोखो हसले. बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुह्या फटफटीपायी मुहूर्त थांबत नसते." हा पाण्याचा घोटही न घेता परत फिरला, तोही गाडी ढकलतच. तेव्हापासून भावा-बहिणीचं बोलणं बंद.

बंद म्हणजे माझ्यामार्फत चालू. हॉर्न ऐकला की बाई फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा घेऊन रस्त्याच्या कडेला यायची. चालत्या गाडीवरून ते गाठोडं घ्यायचं काम माझं. तेवढ्यात ती मला एक वाक्य सांगायची. "सांग तुह्या दोस्ताले, पोरीले पोरगा झाला!" उतारराव ते स्वतःच्या कानांनी ऐकायचा, तरी पुढच्या वळणावर मला विचारायचा, "काय म्हने ते?" मी सांगायचो. महिनाभरानं त्याचं उत्तर मी ओरडून द्यायचो, "नाव काय ठेवलं, विचारतोय!" नाव कळायला आणखी एक महिना. पोरगा कुणावर गेला हे ठरेपर्यंत त्याला दात आले. मूर्खपणाला काही सुमार? मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या द्यायचो आणि ठेचा चाटायचो. भाकरीचा मोठा तुकडा मात्र उतारराव कुणाला देत नसे.

एका महिन्यात गाठोडं माझ्या हातात आलंच नाही. बाईनं ते भलतीकडेच पुढे केलं आणि भाकर रस्त्यावर पडली. ती पाहतही होती भलतीकडेच. "सांग त्याले," ती म्हणाली, "डोयावर पडदा आला. आता तो दिसत नाही, नुसता फटफटीचा आवाज येते."

पुढच्या वळणावर उताररावानं मला काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यानं भज्यांना हात लावला नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी लांबूनच बाईच्या घरासमोर काहीतरी लाल दिसलं. मुरूम होता. चांगला तीन बैलगाड्या मुरूम, रस्त्यापासून दारापर्यंत चढत नेलेला आणि नीट चोपून बसवलेला. वर दाराशी बाई उभी होती. हातात गाठोडं नव्हतं.

उतारराव हॉर्न द्यायचा विसरला. त्यानं गाडी हळूहळू त्या चढावर घातली, दारापर्यंत नेली आणि खिशातली गोटी माझ्या हातात दिली. मी ती ठेवली. गोटी टणटणत खाली रस्त्यावर गेली. मी तिच्यामागे पळालो नाही.

त्यानं चावी फिरवली. आवाज थांबला तशी बाईनं चाचपडत हात पुढे केला.

"आला का रे?"

"आलो वं बाई," तो म्हणाला. थेट तिलाच. आणि एवढा घोडा झालेला माणूस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. नरसय्याही रडला, त्याचा काही संबंध नसताना. मीही रडलो, सांगायला लाज कसली!

संध्याकाळी आम्ही निघालो. बाई दारात उभी राहिली. उताररावानं ब्रेक सोडला, गाडी सरसर खाली आली आणि रस्त्यावर येऊन मुकाट थांबली. खोकलीसुद्धा नाही.

"उतार कमी पडून राह्यला वं बाई," तो ओरडला.

"मंग राहाय ना आज," ती म्हणाली.

उतार भरपूर होता. मी मागेच बसलो होतो, मला त्याचा पाय दिसत होता. त्यानं गिअर टाकलाच नव्हता.

उतारराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. फटफटी भंगारात गेली. परवा त्या रस्त्यानं जात होतो, थांबलो. माझी गाडी बटणानं चालू होते, तरी मी ती मुरमावर चढवून लावली. बाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला आता लख्ख दिसतं. मुरूम दर पावसाळ्यात वाहून जातो आणि दर दिवाळीआधी ती नवा टाकून घेते. घरचे कुरकुर करतात.

मी म्हणालो, "बाई, आता कशाला?"

ती म्हणाली, "राहू दे. उतार नाही म्हनायले त्याले जागा नको."