हळदीखालचा गाल

केतकीचे गाल बसलेले होते. टायफॉइडने बसले ते पुन्हा भरलेच नाहीत. ओंकारशी लग्न ठरलं तेव्हा त्याची मावशी व्हिडिओ कॉलवर एकदाच म्हणाली होती, "पोरगी गोड आहे, पण चेहरा ओढल्यासारखा वाटतो गं." बोलणारी विसरली. केतकी विसरली नाही. अंतरपाट खाली येईल तेव्हा आपले गाल भरलेले दिसायला हवेत, एवढंच तिने मनाशी धरलं.

वडील बँकेच्या बदलीने कोलकात्याला आले आणि इथेच राहिले. केतकी सॉल्ट लेकमध्ये वाढली, तिथेच नोकरीला लागली. आईशी बोलताना मराठीत बंगाली मिसळायची. गाल भरून दिसावेत म्हणून फिलरचं इंजेक्शन घ्यायला ती आधी रीतसर त्वचेच्या डॉक्टरांकडेच गेली. डॉक्टरबाईंनी चालू औषधं विचारली, ॲलर्जी विचारली. मग लग्नाची तारीख.

"याच आठवड्यात? मग आता नाही. सूज उतरायला वेळ लागतो. आणि गालाला कुणी चोळता कामा नये."

"आमच्यात हळद असते, डॉक्टर. सगळेच चोळतात."

"मग लग्नानंतर या."

हळदीच्या दिवशी सकाळी ती एका पार्लरमध्ये गेली. तिथे कुणी काहीच विचारलं नाही. सुई शिरली आणि नाकाशेजारी जीवघेणी कळ आली. तेवढाच गाल पांढराफटक पडला.

"होतं असं," टोचणारी म्हणाली आणि तिने बर्फ लावला.

दुपारी हॉलमध्ये बायका जमल्या. केतकीची आई मीनाक्षी सर्वांत पुढे होती.

"गाल इकडे कर! आत्तापासूनच लाजतेस?"

"आई, हळू ना."

"हळू लावून रंग चढतो होय?" सुधाकाकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

कळ थांबत नव्हती. सांगायचं तर इंजेक्शनचंही सांगावं लागलं असतं. केतकी पाटावर बसून राहिली. हळदीखालच्या कातडीचा रंग कुणाला दिसणार?

"बघा, कशी उजळली!" कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी तोंड धुतलं. नाकापासून गालापर्यंत जांभळी जाळी उमटली होती.

"मी जोरात चोळलं का गं?" मीनाक्षीने विचारलं.

केतकीने तेव्हा सांगितलं.

दोघी त्याच डॉक्टरबाईंकडे धावल्या. "फिलरने रक्तवाहिनी तुंबलीय. पांढरं पडलं तेव्हाच यायचं होतं." फिलर विरघळवायची इंजेक्शनं त्या पुन्हापुन्हा देत राहिल्या. "डोळ्याच्या रक्तवाहिनीत फिलर गेलं नाही, डोळा वाचला. कातडीचं आज सांगता येणार नाही. उद्या मेकअप अजिबात नाही."

मीनाक्षीची बोटं अजून पिवळीच होती.

दुसऱ्या दिवशी केतकी उघड्या चेहऱ्याने उभी राहिली. गाल सुजलेला, नाकाशेजारी काळानिळा. 'थोडं लागलंय' एवढंच ओंकारच्या कानावर गेलं होतं. मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला.

ओंकार हसत होता. ओठ तसेच राहिले, हसू गेलं. त्याच्यामागे मावशींचा अक्षतांचा हात वरच थांबला.

केतकीने हार उचलला. त्याने मान वाकवली नाही.

मग वाकवली.